अंगणात भरलेली शाळा : ताराबाई मोडक

अनमोड घाट चढून गेले की गोव्याची हद्द संपते आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका सुरू होतो. काळी नदीच्या खोऱ्यातील हा मुलूख विस्तीर्ण, पण वस्तीने विरळ. रानात कुणबी समाजाची घरे विखुरलेली. लहान मुलांची शाळा जिथे भरते त्या जागेला येथे अंगणवाडीच म्हणतात. कानडी राज्यकारभारात रुळलेला हा शब्द घडला तो मात्र मराठी मुलखात, ताराबाई मोडक यांच्या कार्यातून.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते असल्याने मुलीच्या शिक्षणाला घरातून पाठबळ मिळाले. 1914 साली त्या पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी झालेला विवाह टिकला नाही. लहान मुलीला घेऊन त्या स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या आणि राजकोटच्या स्त्री अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्या झाल्या.

मानाचे ते पद सोडून 1923 मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. वरच्या पदावरून चार वर्षांच्या मुलांपुढे जमिनीवर येऊन बसणे अनेकांना पदावनती वाटली असती. ताराबाईंना तेथे आयुष्याचे काम सापडले. माँटेसरी पद्धतीचा त्यांनी कसून अभ्यास केला. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे 1936 मध्ये दादरला शिशुविहार उभे राहिले आणि तेथे बालशिक्षिका घडविण्याचे कामही सुरू झाले. बालवाडीची शिक्षिका म्हणजे मुले सांभाळणारी बाई नव्हे, तिला शास्त्रशुद्ध प्रशिक्षण हवे, हा आग्रह त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही.

खरी कसोटी 1945 मध्ये आली. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी गावी गेल्या. सोबतीला अनुताई वाघ आल्या. बालमंदिर उघडले, पण गरीब वस्तीतील मुले तिकडे फिरकेनात. तेव्हा ताराबाईंनी शाळाच वस्तीत नेली. झाडाची सावली किंवा कोणाचे तरी अंगण हाच वर्ग. मुलांना न्हाऊ घालायचे, नखे काढायची, मग गाणी आणि गोष्टी. माँटेसरीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांची जागा खडे, बिया, पाने आणि शिंपल्यांनी घेतली.

1957 मध्ये हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींमध्ये गेले. धाकट्या भावंडाला सांभाळावे लागते म्हणून मोठी मुलगी शाळेला मुकते, हे ध्यानात घेऊन पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. तिचे नाव विकासवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा भरू लागली. मूल शाळेत का येत नाही, हा दोष मुलाकडे न लावता शाळेने स्वतःला विचारायचा प्रश्न आहे, ही दृष्टी या साऱ्या प्रयोगांमागे होती.

1962 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 गटांत सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला.

शब्द पोचला, त्यामागचा आग्रह मात्र वाटेत मागे पडला. आजही अंगणवाडी सेविकेला वेतन नव्हे, मानधन मिळते. पोषण आहाराच्या नोंदी आणि सर्वेक्षणे यांतून शिकविण्यासाठी उरेल तेवढाच तिचा वेळ. जोयड्यासारख्या तालुक्यात एका वाडीपासून दुसरी वाडी दूर आणि मधे रान. अशा ठिकाणी मुलाच्या दारापर्यंत जाणारी, नीट शिकलेली शिक्षिका हीच खरी शाळा. तिला शिक्षिकेचा दर्जा आणि वेतन मिळेल, तेव्हाच ताराबाईंचे काम पुरे झाले असे म्हणता येईल.