मॅसिडोनचा राजा फिलिप आणि त्याचे घोडेस्वार

दिवाळीच्या सुटींत आमच्या शाळेंतील एका विद्यार्थ्याच्या घरीं जाण्याचा योग आला. अंगणांत त्यानें व त्याच्या धाकट्या भावानें मातीचा किल्ला केला होता. किल्ल्यावर मावळे होतेच. परंतु पायथ्याशीं अळीव पेरून केलेल्या हिरव्या मैदानावर बारा स्वारांची एक निराळीच तुकडी उभी होती. विचारतां समजलें कीं, ते अलेक्झांडर बादशहाचे घोडेस्वार. मुलानें मोठ्या हौसेनें त्यांच्या हातांत वाटोळ्या ढाली दिल्या होत्या, आणि पायांत बारीक तारेच्या रिकिबी अडकविल्या होत्या. मीं त्यास इतकेंच सांगितलें कीं, ह्या स्वारांपाशीं ढाल नव्हती, रिकीबहि नव्हती. आणि अलेक्झांडरानें हे स्वार तयार केलेच नव्हते, ते त्याला बापाकडून आयते मिळाले. मुलाचा चेहरा उतरला. त्या बापाचें चरित्र ह्या अंकांत लिहावें, असें तेव्हांच मनांत आलें.

फिलिपचा जन्म इ. स. पू. ३८२ च्या सुमारास झाला. मॅसिडोनियाचा राजा तिसरा अमिंटस ह्याचा तो सर्वांत धाकटा मुलगा. वडील दोन भाऊ असल्यामुळें गादी आपल्याला मिळेल अशी आशा त्यास नव्हती. ग्रीस देशाच्या उत्तरेस असलेलें हें राज्य त्या काळीं दुबळें होतें. अथेन्सच्या सुशिक्षित नागरिकांच्या मतें मॅसिडोनियन लोक म्हणजे निम्मे रानटीच! शेजारचे इलिरियन व थ्रेसियन लोक वाटेल तेव्हां येऊन लुटालूट करीत.

वयाच्या चौदा-पंधराव्या वर्षीं फिलिपला ओलीस म्हणून थीब्ज शहरीं पाठविण्यांत आलें. तेथें तो सुमारें तीन वर्षें राहिला. आपला मुलगा परक्यांच्या ओटीवर वाढावा, ह्याहून आईबापांस दुःख कोणतें? परंतु ह्या मुलाला तीच पाठशाळा झाली. थीब्जच्या एपामिनोन्डस नामक सेनापतीनें इ. स. पू. ३७१ मध्यें अजिंक्य समजल्या जाणाऱ्या स्पार्टाच्या सैन्याचा मोड केला होता. सर्व फळी सारख्या बळानें न लढवितां एकाच बाजूस सारें बळ एकवटावयाचें, ही त्याची युक्ति. मुलगा परदेशीं राहून हें सर्व निरखीत होता.

इ. स. पू. ३५९ मध्यें त्याचा भाऊ पर्डिकस हा इलिरियन लोकांशीं लढतांना पडला. त्याच्याबरोबर चार हजारांहून अधिक मॅसिडोनियन ठार झाले. मृत राजाचा मुलगा अगदींच लहान. गादीवर हक्क सांगणारे दोन-तीन जण परक्यांची मदत घेऊन निघालेले. राज्य आज बुडतें कीं उद्यां बुडतें, अशा वेळीं तेवीस वर्षांच्या फिलिपनें कारभार हातीं घेतला. कोणास द्रव्य देऊन, कोणास वचन देऊन व कोणास लढून त्यानें थोडी उसंत मिळविली, आणि त्या उसंतींत सैन्याची घडी बसविली. पुढल्याच वर्षीं, म्हणजे ३५८ मध्यें, दहा हजार पायदळ व अवघे सहाशें स्वार घेऊन तो इलिरियन राजा बार्डिलिस ह्याच्यावर चालून गेला. समोरून पायदळ भिडलें असतां स्वारांनीं शत्रूच्या बगलेवर व पिछाडीवर घाव घातला. इलिरियन लोकांचे सात हजार पडले असें प्राचीन इतिहासकार सांगतात. भावाच्या पराभवास एकच वर्ष लोटलें होतें!

हे सहाशें स्वार कसे होते, हें आतां थोडें विस्तारानें पाहूं.

ग्रीक शहरांचे स्वार बहुधा शत्रूच्या जवळ जात, हातांतील लहान भाले फेंकीत व मागें फिरत. फिलिपचे स्वार भाला फेंकीत नसत; तो हातीं धरून शत्रूच्या अंगावर जात. हा भाला सुमारें १० ते १२ फूट लांब, म्हणजे दोन पुरुष उंचीचा असे. त्याची काठी कॉर्नेल नांवाच्या एका चिवट झाडाच्या लाकडाची करीत. पुढें लोखंडी पातें आणि मागल्या टोंकासहि एक अणी असे. कारण पहिल्या धडकेंत काठी मोडणें हें ठरलेलेंच, मग उरलेला तुकडा उलटा करून लढावयाचें. इ. स. पू. ३३४ मध्यें ग्रॅनिकस नदीवर अलेक्झांडरचा भाला असाच मोडला. त्यानें आपल्या मोतद्दाराजवळ दुसरा मागितला, तों त्याचाहि मोडलेला! तो बिचारा उरलेल्या अर्ध्या तुकड्यानेंच लढत होता. शेवटीं करिंथच्या डेमारेटस नांवाच्या सरदारानें आपला भाला राजास दिला. भालाहि गेला म्हणजे कमरेची तरवार असे; ती कधीं सरळ दुधारी, तर कधीं आंत वांकलेल्या पात्याची, वरून घाव घालण्यास सोयीची.

डोक्यावर कांशाचें शिरस्त्राण. त्याची कड उन्हाच्या टोपीसारखी चहूंकडे खालीं वळलेली. ह्या घाटाचें शिरस्त्राण चिलखताच्या वरचा सर्व भाग राखतें आणि तरीहि नजरेस आड येत नाहीं, म्हणून झेनोफोन ह्या ग्रीक ग्रंथकारानें घोडेस्वारांस त्याचीच शिफारस केली आहे. अंगांत धातूचें किंवा तागाच्या कापडाच्या अनेक थरांचें चिलखत. ढाल नाहीं, कारण एक हात भाल्याला व दुसरा लगामाला. पाठीवर लांकडी खोगीर नाहीं. जाड कापड किंवा जनावराचें कातडें घातलें कीं झालें. घोड्याला नाल नाहीं, आणि तो घोडाहि आजच्या शर्यतीच्या घोड्याहून ठेंगणा. रिकीब तर युरोपांत येण्यास अजून सुमारें हजार वर्षें अवकाश होता. आपल्या मराठी भालाईतांना रिकिबींत पाय रोवून भाला चालवितां येई. फिलिपच्या स्वारांस केवळ मांडीच्या आवळीवर बसून हें सर्व करावें लागे. दहा फुटी भाला एका हातानें पेलून, भरधांव घोड्यावरून शत्रूच्या तोंडावर नेमका मारणें हें काम लहानपणापासून घोड्यावर वाढलेल्या माणसाचेंच. पाश्चात्य देशांत शिशाच्या चिमुकल्या सैनिकांनीं मेजावर लढाया खेळणारे प्रौढ गृहस्थ आहेत. ह्या भाल्याची लांबी व तो धरण्याची तऱ्हा ह्यांवर ते फार बारकाईनें वाद घालतात. मला तो वाद पोरकट वाटत नाहीं. भाला दोन फुटांनीं आंखूड केला तर लढाईचा सारा अर्थच बदलतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ह्या स्वारांची मांडणी. फिलिपनें थ्रेसियन व सिथियन लोकांपासून पाचरेची आकृति उचलली. सर्वांत पुढें एकटा नायक, त्याच्या मागें रुंदावत जाणाऱ्या रांगा. सर्वांचे डोळे एका नायकावर असल्यामुळें, करकोच्यांचा थवा आकाशांत वळतो तशी ही तुकडी धांवतां धांवतां वळे. शत्रूच्या फळींत बोटभर फट दिसली कीं हें टोंक तींत शिरे.

असे स्वार पोसावयास द्रव्य व जमीन पाहिजे. फिलिपनें जिंकलेल्या मुलखांतील शेतें आपल्या सरदारांस व बाहेरून आलेल्या ग्रीकांसहि वांटून दिलीं. त्या उत्पन्नावर त्यांनीं घोडे पाळावे व राजाबरोबर लढावें. त्यांना राजाचे सोबती असें मानाचें नांव होतें. सरदारांचे मुलगे राजवाड्यांत वाढत. राजाचा घोडा आणून देणें व त्याला वर चढण्यास हात देणें हें त्यांचें काम. रिकीब नसल्यामुळें राजालाहि हात लागे. इ. स. पू. ३५६ मध्यें त्यानें क्रेनिडिस गांव घेऊन तेथें आपल्या नांवाचें नगर वसविलें. जवळच्या डोंगरांतील सोन्याच्या खाणींतून त्यास वर्षाला हजार टॅलंटांहून अधिक उत्पन्न होऊं लागलें. बायबलच्या तासाला ज्यांनीं प्रेषितांचीं कृत्यें वाचलीं आहेत, त्यांना तें फिलिप्पै नगर ठाऊकच आहे. त्याच वर्षीं त्याचा मुलगा अलेक्झांडर जन्मला, आणि ऑलिंपिक खेळांत त्याच्या घोड्यानें शर्यत जिंकली. दुसऱ्या बातमीचाहि आनंद कांहीं कमी झालेला दिसत नाहीं. त्याच्या रुप्याच्या नाण्यांवर घोडा व स्वार आहे.

पुढील वीस वर्षें बहुतेक घोड्याच्या पाठीवरच गेलीं. ३५४ मध्यें मेथोन शहराच्या वेढ्यांत बाण लागून उजवा डोळा गेला. ३५२ मध्यें थेसलींत त्याच्यापाशीं तीन हजार स्वार होते, आणि थेसलीच्या नामांकित घोडदळानेंच तेथील लढाई निकालास आणली. ३३९ मध्यें डॅन्यूब नदीकडील सिथियन लोकांना जिंकून त्यानें वीस हजार घोड्या पैदाशीसाठीं मॅसिडोनियाकडे रवाना केल्याचें प्राचीन ग्रंथांत आहे. परंतु वाटेंत ट्रिबल्ली लोकांनीं गांठलें, लूट हातची गेली, आणि एक भाला राजाच्या मांडींतून आरपार जाऊन खालचा घोडा ठार झाला. राजा कायमचा लंगडा झाला.

ह्या पराक्रमाची दुसरी बाजूहि मुलांना सांगितली पाहिजे. ३४८ मध्यें त्यानें ओलिंथस हें भरभराटीचें ग्रीक शहर फितुरीनें घेतलें, जमीनदोस्त केलें, आणि तेथील स्त्रीपुरुष व मुलें गुलाम म्हणून विकलीं. अथेन्सचा वक्ता डिमॉस्थेनिस ह्यानें आयुष्यभर त्याच्याविरुद्ध भाषणें केलीं, तीं कांहीं नुसत्या मत्सरानें नव्हत. वचन मोडणें त्याला कठीण जात नसे. मला स्वतःला फिलिपच्या बुद्धीचें नवल वाटतें, परंतु ओलिंथसचा धडा शिकवितांना तें नवल मी बाजूस ठेवतों.

३३८ मध्यें कीरोनिया येथें अथेन्स व थीब्ज एकत्र होऊन त्याच्यासमोर उभे ठाकले. फिलिपपाशीं तीस हजार पायदळ व दोन हजार स्वार होते. डावी बाजू अठरा वर्षांच्या अलेक्झांडरकडे होती. तो स्वारांनिशीं लढला कीं पायदळानिशीं, ह्याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. थीब्जची तीनशें निवडक वीरांची तुकडी जागची हलली नाहीं व बहुतेक तेथेंच पडली. त्या जागेवर दगडी सिंह होता. एकोणिसाव्या शतकांत खाली खणतां २५४ सांगाडे रांगांनीं पुरलेले सांपडले. ज्या शहरानें ओलीस असतां त्याला युद्धविद्या दिली, त्याच शहराची ही गुरुदक्षिणा! अथेन्सच्या कैद्यांना मात्र त्यानें खंडणी न घेतां सोडून दिलें.

आतां इराणच्या बादशहावर स्वारी करावयाची होती. ३३६ मध्यें आघाडीची फौज पुढें गेलीहि. त्याच वर्षीं ईजी येथें त्याच्या कन्येचा विवाह होता. पांढरीं वस्त्रें नेसून, रक्षकांना दूर ठेवून तो नाटकगृहांत शिरत असतां पॉसेनियस नांवाच्या त्याच्याच अंगरक्षकानें त्याला भोंसकलें. मारेकऱ्यानें वेशीपाशीं घोडे तयार ठेवले होते. परंतु धांवतां धांवतां द्राक्षवेलींत पाय अडकून तो पडला व तेथेंच मारला गेला. फिलिपचें वय तेव्हां शेचाळीस वर्षांचें होतें. सहाशें स्वारांवर ज्यानें आरंभ केला, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं त्याच्या मुलानें अठराशें सोबती-स्वार आशियांत नेले, आणि दीड हजार घोडदळ घरीं राखणीस ठेवलें.

प्राचीन ईजी, म्हणजे हल्लींचें व्हर्जिना, येथें १९७७ मध्यें मानोलिस आंद्रोनिकोस ह्या ग्रीक संशोधकानें मातीच्या टेकाडाखालीं राजघराण्याच्या कबरी उघडल्या. एकींत सोन्याच्या पेटींत अस्थि होत्या. जवळ लोखंडी शिरस्त्राण, सोन्यानें मढविलेलें लोखंडी चिलखत, आणि नडगीवर बांधावयाच्या दोन पट्ट्या. त्यांतील एक दुसरीहून आंखूड. लंगड्या राजाची ती आठवण असें कित्येकांस वाटलें; दुसरे म्हणतात, फिलिप शेजारच्या कबरींत आहे. हा वाद अजून मिटलेला नाहीं.

सुटी संपल्यावर तो विद्यार्थी कागदाच्या खोक्यांत आपले बारा स्वार घेऊन वर्गांत आला. ढाली काढल्या होत्या, रिकिबी उपटल्या होत्या. स्वार तीन इंच उंच, म्हणून त्यानें खराट्याचे हीर मोजून सहा सहा इंचांचे कापले होते. ते मातीच्या हातांत राहीनात. एकेका स्वाराचा हातच मोडून येई. तेव्हां आम्हीं दोघांनीं मधल्या सुटींत बसून सर्व हात नव्यानें केले, ह्या खेपेस थोडे जाड.