शेख सादींच्या पंगतीत

॥ श्रीगुरुभ्यो नमः ॥

चरित्रमालेत आज जरा लांब जायचंय, इराणातल्या शिराज शहरी. 'मेजवानी' हा आपला रोजचा शब्द ज्या फारसीतून आला, त्या भाषेतले थोर कवी आणि नीतिकथाकार शेख सादी यांची ही ओळख. हैदराबादकडच्या मंडळींच्या पणजोबांनी फारसी शिकताना त्यांचे 'गुलिस्ताँ' बहुधा वाचलेही असेल.

सादींचा जन्म इ.स. १२१० च्या सुमाराचा. वडील लहानपणीच गेले. पुढे बगदादच्या प्रसिद्ध निजामिया विद्यालयात ते वेतन मिळवून शिकले आणि मग पायाला भिंगरी लागली. अरबस्तान, शाम (आजचा सीरिया), कुठे कुठे फिरले. त्रिपोलीजवळ फिरंग्यांच्या कैदेत माती खणली, शेवटी हलबच्या एका ओळखीच्या गृहस्थाने दहा दिनार भरून सोडवलं, असं ते स्वतःच लिहितात. यातलं घडलेलं किती आणि रचलेलं किती, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण भूक या माणसाने जवळून पाहिली होती, हे वाचताना जाणवतंच.

उतारवयाकडे झुकल्यावर ते गावी परतले. मिसरहून येणारे लोक मित्रांसाठी साखर आणतात, आपल्याकडे ती नाही, म्हणून गोड शब्द आणले, अशा अर्थाचं त्यांनी 'बोस्ताँ'च्या प्रारंभी म्हटलंय. हा ग्रंथ १२५७ चा, 'गुलिस्ताँ' १२५८ चा. त्याच १२५८ साली हुलागूच्या मोगल (मंगोल) फौजेने बगदाद उद्ध्वस्त केलं. शिराजच्या राजाने खंडणी भरली म्हणून ते शहर वाचलं. अशा दिवसांत लिहिलेल्या या गोष्टी आहेत, हे ध्यानात घेऊन वाचायला हवं.

'बोस्ताँ'तली हजरत इब्राहीमांची गोष्ट बघा. पाहुण्याशिवाय जेवायचं नाही असा त्यांचा नेम. एकदा आठवडाभर कोणी फिरकलंच नाही. शेवटी ते रानात शोधायला गेले, तर पिकल्या केसांचा एक म्हातारा दिसला. त्याला आदराने घरी आणलं, मानाच्या जागी बसवलं, ताटं वाढली. सगळ्यांनी देवाचं नाव घेतलं, म्हातारा मात्र गप्प. विचारलं तर कळलं की तो अग्निपूजक, म्हणजे आपल्या पारशी बांधवांच्या धर्माचा. इब्राहीमांनी त्याला भरल्या पानावरून उठवून घालवून दिलं. तेव्हा देवाने त्यांनाच बोल लावला : मी याला शंभर वर्षं जगवलं, अन्न दिलं, आणि तुला एका जेवणापुरताही तो सोसवला नाही? आठशे वर्षांपूर्वी, धर्माच्या नावाने लढाया चाललेल्या काळात हे लिहिणं सोपं नव्हतं हो!

दमास्कसच्या दुष्काळाची कथा तर मन सुन्न करते. पाणी आटलं, शेतं करपली. तेव्हा सादींना एक मित्र भेटला, नुसता हाडांचा सापळा. घरात तर पैसा-अडका भरपूर! तुला काय कमी, असं सादींनी विचारल्यावर तो दुखावलाच. लोक उपाशी असताना घास घशाखाली उतरत नव्हता त्याच्या.

बादशहा नौशेरवानची गोष्ट छोटी आहे. शिकारीवर मांस भाजलं, मीठ संपलेलं. गावात पोराला पाठवताना बादशहाने बजावलं, दाम देऊन आण. चिमूटभर मिठाने काय बिघडतं असं दरबाऱ्यांना वाटलं. पण राजाने फुकट मीठ घेतलं की नोकर गाव लुटतात, हे त्याला ठाऊक होतं.

ढोंगी साधूंनाही ते सोडत नाहीत. राजाच्या पंगतीत एक विरक्त मुद्दाम कमी जेवतो, नमाज मात्र लांबवतो. घरी येऊन जेवायला मागतो. मुलगा म्हणतो, मग नमाजही पुन्हा करा! (हे वाचून आम्ही खूप हसलो, आणि आपल्या उपासाच्या फराळाची आठवणही झाली.)

१२९१-९२ च्या सुमारास शिराजमध्येच शेख निवर्तले. पुढच्या शतकात इब्न बतूता हा प्रवासी तिथे गेला होता. समाधीजवळ बाग होती, कपडे धुण्यासाठी संगमरवरी कुंडं होती. शहरातले लोक दर्शनाला येत, तिथल्या पंगतीत जेवत, कपडे धूत आणि घरी परतत, असं त्याने नोंदवून ठेवलंय.