एका शिलिंगाचा हिशेब

क्रेडिट कार्ड घ्या, विमानाच्या तिकिटात सूट मिळवा, विमानतळावर आरामात बसून चहा-नाश्ता करा. फक्त वर्षाला काही हजार रुपये शुल्क भरा, असे सांगणारे फोन आता मुंबई-पुण्याइतकेच आमच्या खामगावातही येतात. मग घराघरांत चर्चा सुरू होते. मुलगा म्हणतो, घेऊन टाकू. सून म्हणते, आधी हिशेब करू. आणि झोपाळ्यावर बसलेले आजोबा विचारतात, की अजून कुठे जायचे ठरले नाही, तर प्रवासाचे पैसे आधीच कशाला द्यायचे?

आजोबांचा प्रश्न वाटतो तितका जुनाट नाही. प्रवाशाकडून पैसे आधी घ्यायचे आणि त्या बदल्यात वाटेतली सारी सोय करून द्यायची, हा व्यवसाय ज्याने जगभर नेला तो माणूस ना सावकार होता ना रेल्वेचा मालक. तो होता एक गरीब सुतार. थॉमस कुक त्याचे नाव. सहलीच्या जाहिरातींमुळे हे नाव आपल्याकडे शाळकरी मुलांनाही माहीत आहे, पण माणूस फारसा कोणाला माहीत नाही. अलीकडे त्याच्या आयुष्याचा मागोवा घेताना मला वाटले, की कार्ड घ्यावे की न घ्यावे हे ठरवायला याच्याइतका चांगला गुरू मिळणार नाही.

थॉमसचा जन्म २२ नोव्हेंबर १८०८ रोजी इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यात, मेलबर्न नावाच्या खेड्यात झाला. वडील लहानपणीच गेले. दहाव्या वर्षी शाळा सुटली आणि पोर एका बागेत माळ्याच्या हाताखाली राबू लागले. पुढे एका नातेवाइकाकडे सुतारकाम शिकला. वयाच्या विशीत तो बाप्टिस्ट पंथाचा गावोगाव हिंडणारा प्रचारक झाला. १८२९ या एका वर्षात त्याने दोन हजारांहून अधिक मैल पायी तुडवल्याची नोंद आहे. आपल्याकडच्या वारकऱ्याला या आकड्याचे मोल वेगळे सांगायला नको. गरिबाला प्रवास किती महाग पडतो आणि पायांना काय सोसावे लागते, हे या माणसाला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

प्रचारकाच्या कामात पोट भरेना, म्हणून त्याने मार्केट हार्बरो या गावात सुतारकीचे दुकान थाटले. १८३३ मध्ये मॅरिअ‍ॅन मेसन हिच्याशी लग्न झाले, दुसऱ्या वर्षी जॉन हा मुलगा झाला. त्या काळी इंग्लंडमधल्या मजुरांची मिळकत दारूच्या गुत्त्यात वाहून जात होती. संसार उद्ध्वस्त होताना थॉमसने जवळून पाहिले आणि तो दारूबंदीच्या चळवळीत पडला. ९ जून १८४१ रोजी अशाच एका सभेसाठी तो पंधरा मैल चालत लेस्टरला निघाला. नव्यानेच धावू लागलेली आगगाडी त्याच्या डोक्यात होती. वाटेत कल्पना सुचली, की हीच गाडी आपल्या कामाला का लावू नये? सभेत त्याने ती मांडली, रेल्वे कंपनीशी बोलणी केली आणि ५ जुलै १८४१ रोजी सुमारे पाचशे माणसे लेस्टरहून लॉफबरोला नेऊन परत आणली. अंतर अकरा-बारा मैल, डबे उघडे, आणि भाडे माणशी एक शिलिंग.

त्या शिलिंगाचा हिशेब साधा होता. एकट्या माणसाला रेल्वे जी सवलत देत नाही, ती पाचशे जणांच्या गठ्ठ्याला देते. प्रवासी आधीच ठरलेले, दिवस ठरलेला, गाव ठरलेले. पैसे आधी घेतले खरे, पण ते ठरलेल्या प्रवासाचे घेतले, मनातल्या प्रवासाचे नव्हे. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण कार्डाचा सगळा हिशेब शेवटी इथेच येऊन थांबणार आहे.

पुढची काही वर्षे त्याने अशा सहली चळवळीसाठीच काढल्या. १८४५ मध्ये मात्र लिव्हरपूलची पहिली धंदेवाईक सहल नेली. आधी स्वतः त्या वाटेने जाऊन आला, पाहण्यासारखी ठिकाणे टिपली आणि प्रवाशांसाठी एक पुस्तिका छापली. दुसऱ्या वर्षी उत्साहाच्या भरात साडेतीनशे माणसे घेऊन तो स्कॉटलंडला निघाला, आणि तिथे फजिती झाली. वाटेत मिळायचा चहा मिळाला नाही, बोटीवर झोपायला पुरेशा जागा नव्हत्या, वरून वादळ. पैसे आधी भरलेल्या माणसाला ठरलेला चहा मिळाला नाही, की त्याला साऱ्या सहलीचाच राग येतो. त्याच वर्षी कुकचे दिवाळे निघाले. दुसरा कोणी असता तर पुन्हा रंधा हातात घेतला असता. हा गडी छापखाना चालवत, बायकोच्या हातची खाणावळ सांभाळत, पुन्हा उभा राहिला.

१८५१ साली लंडनमध्ये जागतिक प्रदर्शन भरले. कुकने मजुरांच्या वस्त्यांतून बचत मंडळे काढायला लावली. आठवड्याला थोडेथोडे पैसे जमवायचे आणि प्रदर्शनाच्या वेळी गाडीत बसायचे. आपल्याकडची भिशीच म्हणा ना. सतरा वर्षांचा जॉन बापाच्या बरोबरीने राबला. रेल्वे कंपन्यांची आपसांत चढाओढ लागली आणि परतीचे भाडे पाच शिलिंगांपर्यंत उतरले. दीड लाखाहून अधिक माणसे कुक पितापुत्रांनी लंडनला नेली. यातली कित्येक माणसे आपला परगणा सोडून पहिल्यांदाच बाहेर पडली होती.

मग १८५५ मध्ये पॅरिस, १८६३ मध्ये स्वित्झर्लंड असा पसारा वाढत गेला. परमुलखात प्रवाशाची खरी अडचण पैशाची. खिशात रोकड बाळगावी तर चोराचे भय, न बाळगावी तर परके चलन आणायचे कुठून? १८६८ मध्ये कुकने हॉटेलची कूपने काढली. लंडनमध्ये रोजच्या आठ शिलिंगांप्रमाणे पैसे भरायचे, कूपनांचे पुस्तक घ्यायचे, आणि परगावच्या हॉटेलात कूपन फाडून दिले की खोली, नाश्ता, जेवण तयार. हॉटेलवाला ती कूपने कुकच्या कचेरीकडे पाठवून पैसे वसूल करी. १८७४ च्या सुमारास त्याने प्रवासी नोटा काढल्या. त्या ठरलेल्या बँकांत आणि हॉटेलांत सही करून वटवता येत. आमच्या खामगावच्या कापूस व्यापाऱ्यांना यात नवल वाटले नसते, कारण हुंडी त्यांच्या रोजच्या व्यवहारातली. कुकचे वैशिष्ट्य एवढेच, की पेढीवाल्याची सोय त्याने शाळामास्तरापर्यंत आणि दुकानदारापर्यंत पोहोचवली. आजचे कार्ड हे या कूपनाचे आणि नोटेचेच वंशज.

यात कंपनीचे काय सुटत असे? दलाली तर होतीच. पण नोट विकल्यापासून ती वटेपर्यंत तुमचे पैसे कंपनीकडे बिनव्याजी राहात, आणि जी नोट कपाटात पडून राही तिचे पैसे तर तिथेच मुरत. न वापरलेली सोय ही विकणाऱ्याची कमाई असते. हे तेव्हाही खरे होते आणि आजही आहे.

याच माणसाची गाडी एकदा आपल्या बाजूनेही गेली. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब-खामगाव हा फाटा सुरू झाला. वऱ्हाडचा कापूस मुंबईला आणि तिथून विलायतेला न्यावा, हा त्याचा हेतू. त्याच वर्षी जबलपूरला रूळ जोडले गेले आणि मुंबई-कलकत्ता हा सलग लोहमार्ग झाला. १८७२ च्या सप्टेंबरात कुक मोजकी माणसे बरोबर घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. अमेरिका, जपान, चीन करून तो हिंदुस्थानात आला, आणि याच नव्या मार्गाने जबलपूर, भुसावळ करत मुंबई गाठून पुढे इजिप्तकडे गेला. साऱ्या प्रदक्षिणेला २२२ दिवस लागले. आमच्या फाट्यावर गाठोडी कापसाची होती. तीन-चार तासांच्या अंतरावरून हौसेने जग बघणारी माणसे चालली होती.

१८८१ मध्ये कंपनीची कचेरी मुंबईत उघडली. १८८६ मध्ये हिंदुस्थान सरकारने हज यात्रेकरूंच्या प्रवासाचे काम कंपनीकडे दिले. हाल कमी व्हावेत हा उद्देश होता, पण कंपनीला ते परवडले नाही आणि काही वर्षांत तिने हात काढून घेतला. तोवर कारभार थॉमसच्या हाती राहिलाही नव्हता.

घरातली गोष्ट इथे सांगितली पाहिजे. बापाला प्रवास ही सेवा वाटे. मुलाला तो धंदा वाटे. बाप धर्मकार्याला सढळ हाताने पैसे देई. मुलगा पैन् पैचा हिशेब मागे. दोघेही आपापल्या जागी खरे होते. बापाच्या कल्पनेशिवाय कंपनी जन्मली नसती आणि मुलाच्या शिस्तीशिवाय ती जगली नसती. १८७८ मध्ये खटका उडाला आणि बापाने कंपनी सोडली. १८८० मध्ये लाडकी मुलगी अ‍ॅनी न्हाणीघरात मरण पावली. नव्या गॅसबंबाच्या धुराने ती गुदमरली असे मानले जाते. १८८४ मध्ये मॅरिअ‍ॅनही गेली. थॉमसची दृष्टी गेली. १८९१ मध्ये कंपनीचा सुवर्णमहोत्सव लंडनमध्ये थाटात झाला, त्यात संस्थापक नव्हता. त्याने आपल्या जन्मगावी गरिबांसाठी लहानशी घरे बांधून दिली, एवढा दानधर्म शेवटी हाताने झाला. १८ जुलै १८९२ रोजी लेस्टरला त्याने डोळे मिटले. ज्याच्या नावाच्या नोटा जगभर चालत होत्या, त्याची स्वतःची मालमत्ता बेताचीच निघाली.

कंपनी मात्र आणखी सव्वाशे वर्षे चालली आणि २३ सप्टेंबर २०१९ रोजी कर्जाखाली कोसळली. सहलीचे पैसे आधी भरलेले सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवासी परदेशांत अडकले. त्यांना सरकारने विमाने पाठवून घरी आणले. त्याच नावाची भारतातली कंपनी २०१२ पासून वेगळ्या मालकीची असल्याने ती बुडाली नाही. पण धडा घ्यायचा तो घ्यावाच. आधी भरलेले पैसे काय आणि साठवलेले गुण काय, ते दुसऱ्याच्या वहीत लिहिलेले आपले येणे असते. त्यांना व्याज लागत नाही, मुदत मात्र असते, आणि नियम बदलण्याचा अधिकार वही ठेवणाऱ्याकडे असतो. म्हणून गुण साठवून म्हातारपणाची तरतूद होत नाही. मिळाले की वापरावेत.

आता खामगावच्या एका घराचा हिशेब मांडू. समजा, कार्डाचे वार्षिक शुल्क ३,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ५४०. एकूण ३,५४० रुपये. घराचा कार्डावरचा खर्च महिन्याला २०,००० धरू, म्हणजे वर्षाला २,४०,०००. पेट्रोल, घरभाडे, सरकारी भरणा अशा खर्चावर अनेक कार्डे गुण देत नाहीत. ते वगळून १,८०,००० उरले असे माना. शंभर रुपयांना दोन गुण आणि एका गुणाची किंमत २५ पैसे असेल, तर वर्षाची कमाई ९०० रुपये. राहिला विमानतळावरचा आरामकक्ष. त्यासाठी आधी विमानात बसावे लागते, आणि आम्हाला त्यासाठी दूरचे शहर गाठावे लागते. दिवाळीत शेगावहून गाडी धरून पुण्याला, उन्हाळ्यात एस.टी.ने लग्नाला, एवढाच ज्यांचा प्रवास, त्यांच्यासाठी त्या कक्षाची किंमत शून्य. म्हणजे २,६४० रुपयांचा तोटा.

त्याच गल्लीतल्या दुसऱ्या घरातला मुलगा कामासाठी महिन्याला एकदा नागपूरहून विमानाने जातो. त्याचा कार्डावरचा खर्च महिन्याला ६०,००० आहे आणि परतावा एक टक्का पडतो. वर्षाचे ७,२०० रुपये सुटतात, वर चहा-नाश्ता वेगळा. त्याने कार्ड जरूर घ्यावे. फक्त नाश्त्याची किंमत जाहिरातीतली धरू नये. आपण स्वतःच्या खिशातून तिथे किती खर्च केला असता, तेवढीच धरावी.

आणि एक अट दोघांनाही सारखी. बिल मुदतीत पुरते फेडायचे. महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरले, तर २०,००० ची बाकी एक महिना ठेवताच ७०० रुपये गेले. पहिल्या घराची वर्षभराची कमाई एका महिन्यात जवळजवळ संपली. पहिले वर्ष फुकट असेल, तर दुसऱ्या वर्षीचे शुल्क कोणत्या तारखेला लागणार तेही लिहून ठेवावे, कारण ते न विचारता बिलात येते.

तेव्हा फोन आला, की लगेच हो किंवा नाही म्हणू नका. गेल्या वर्षीचे कॅलेंडर भिंतीवरून उतरवा. बारा पानांवर आपण खरोखर कुठे कुठे गेलो, कशाने गेलो, ते घरातल्या सर्वांनी मिळून लिहा. पुढच्या वर्षी जायचे ठरलेले असेल, तर तेही धरा. जावेसे वाटते एवढ्यावरचे सोडून द्या. त्या यादीवर शुल्क वसूल होत असेल तर कार्ड घ्या, नसेल तर तेच ३,५४० रुपये दरवर्षी बाजूला टाका. दोन-तीन वर्षांत पोरांना समुद्र दाखवून आणण्याइतके जमतील. लेस्टरच्या मजुरांनी आठवड्याला थोडेथोडे टाकून लंडन पाहिले ते असेच.