पाखरांचे दप्तर राखणारा कलेक्टर

नोंदीची किंमत शेतकऱ्याला कोणी समजावून सांगायला नको. सातबाऱ्यावर एक नाव चुकीचे चढले, की दोन पिढ्या तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. आणि जुनी खरी नोंद हाती लागली, तर शंभर वर्षांचा बांधाचा तंटा एका दिवसात मिटतो. पाखरांच्या बाबतीतही अगदी असेच घडते, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही. आपल्या खानदेशातल्या एका पिंगळ्याचा पत्ता शंभरावर वर्षांनी लागला तो असाच, जुन्या नोंदींवरून. त्या नोंदींची रीत ज्याने या देशात लावली, त्या माणसाची ही हकीकत.

त्याचे नाव ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. शाळेच्या पुस्तकात आपण हे नाव वाचलेले असते ते काँग्रेस स्थापन करणारा इंग्रज म्हणून. पण हाच माणूस तरुणपणी कलेक्टर होता, पुढे हिंदुस्थान सरकारच्या शेतीखात्याचा सचिव झाला, आणि सगळी हयात त्याने पाखरांचे दप्तर लिहिले. हे तिसरे काम फारसे कोणाला माहीत नाही.

इटाव्याचा साहेब

ह्यूमचा जन्म 1829 चा, इंग्लंडमधला. वडील जोसेफ ह्यूम पार्लमेंटचे सभासद, सुधारक विचारांचे. मुलाने थोडे वैद्यकीचे शिक्षण घेतले आणि 1849 मध्ये, विशीत, तो कंपनी सरकारच्या मुलकी नोकरीत हिंदुस्थानात आला. पुढे यमुनेकाठच्या इटावा जिल्ह्याचा कारभार त्याच्याकडे आला. आज हा जिल्हा उत्तर प्रदेशात आहे.

तिथे त्याने गावोगाव शाळा काढल्या. 1857 पर्यंत त्यांची संख्या 181 झाली होती. दारूच्या उत्पन्नावर सरकारने पोट भरावे, हे त्याला पटत नसे आणि तसे तो वरिष्ठांना लिहूनही कळवी. 1857 चा उठाव झाला तेव्हा तो अर्थातच कंपनीच्या बाजूने लढला, ते लपवण्यात अर्थ नाही. पण उठाव मोडल्यावर इतर ठिकाणी सुडापोटी फाशीचे सत्र चालले, तसे त्याने आपल्या जिल्ह्यात होऊ दिले नाही. 1859 मध्ये त्याने लोकांसाठी ‘लोकमित्र’ नावाचे पत्र सुरू करायला हातभार लावला.

पाखरांचा नाद त्याला आधीपासूनच होता. इटाव्यात त्याने बराच संग्रह जमवला होता. तो 1857 च्या धामधुमीत सगळा नष्ट झाला. दुसरा कोणी असता तर नाद सोडून देता. ह्यूमने पहिल्यापासून सुरुवात केली.

मिठाच्या कुंपणावर

1867 मध्ये त्याला जकात खात्याचा कमिशनर केले. त्या काळी मिठावर भारी कर होता, आणि चोरटे मीठ अडवायला सरकारने देशाच्या मधोमध जकातीची लांबच लांब हद्द आखली होती. तिच्यावर शेकडो मैल बाभूळ, बोर, करवंद आणि निवडुंगाचे जिवंत कुंपण घातलेले होते. गरिबाच्या मिठावर कर बसवणारी ही व्यवस्था वाईटच. अखेर 1879 मध्ये ती मोडली. पण या नोकरीमुळे ह्यूमला मुलूखभर हिंडायला मिळाले. दौऱ्यावर निघाला, की कागदपत्रांबरोबर पाखरांची वहीही बरोबर असे.

हिंडता हिंडता एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. देश एवढा अफाट, एकट्या माणसाचे दोन डोळे कुठे कुठे पुरणार? पण जागोजागी कोणी ना कोणी होतेच. कुठे जंगलखात्याचा साहेब, कुठे पलटणीतला डॉक्टर, कुठे मिशनरी. आपापल्या भागातली पाखरे त्यांना ठाऊक असत. अडचण एवढीच, की एकाला ठाऊक ते दुसऱ्याला कळायची सोय नव्हती.

टपालाने येणारी पाखरे

ती सोय ह्यूमने केली. 1872 मध्ये त्याने कलकत्त्याहून ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचे नियतकालिक सुरू केले. मराठीत सांगायचे तर विखुरलेली पिसे. नाव अगदी चपखल होते. ज्याने जे पाहिले ते त्याने लिहून पाठवायचे, ह्यूमने ते तपासून छापायचे, आणि छापलेले सगळ्यांनी वाचायचे. कोणी चुकला, तर दुसरा पुढच्या अंकात दुरुस्त करी. चूक खुद्द संपादकाची असली तरी सुटका नसे.

त्याचा दंडक कडक होता. नुसते पाखरू दिसले म्हणून चालत नसे. कुठे दिसले, कोणत्या दिवशी, नर की मादी, चोच, डोळा आणि पाय कोणत्या रंगाचे, घरटे कशाचे, अंडी किती, हे सगळे लागे. गावकामगाराच्या पंचनाम्यासारखेच म्हणा ना.

आपल्या महाराष्ट्रातूनही त्याला भरपूर मजकूर गेला. फेअरबँक या अमेरिकन मिशनऱ्याने नगर, खंडाळा, महाबळेश्वर आणि बेळगाव भागातल्या पाखरांची यादी दिली, ती 1876 मध्ये छापली गेली. डेव्हिडसन आणि वेंडेन यांनी 1878 मध्ये दख्खनच्या पठारावरची पाखरे लिहिली. व्हिडाल नावाच्या सनदी अधिकाऱ्याने 1880 मध्ये दक्षिण कोकणची पहिली यादी दिली. पुढे याच डेव्हिडसनने पश्चिम खानदेशातल्या पाखरांची यादी तयार केली. ती याच नियतकालिकात आली.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. यादीखाली सही साहेबाची असे. पण पाखरू कोणत्या नाल्यात बसते, घरटे कोणत्या झाडाच्या ढोलीत आहे, हे दाखवणारा माणूस बहुधा गावचाच शिकारी, भिल्ल, पारधी किंवा चपराशी असे. त्यांची नावे फारशी कुठे उरली नाहीत. शिवाय त्या काळी पाखरू ओळखायचे म्हणजे बंदुकीने मारून, कातडे भरून ठेवायचे, अशीच रीत होती. आज दुर्बीण आणि मोबाईलमधला कॅमेरा असताना तिची गरज राहिलेली नाही. पुढे खुद्द ह्यूमनेही शिकार आणि मांसाहार दोन्ही सोडले.

शेतीखात्यातली निराशा

1871 मध्ये लॉर्ड मेयो व्हाइसरॉय असताना महसूल, शेती आणि व्यापार असे नवे खाते निघाले आणि ह्यूम त्याचा सचिव झाला. खात्याच्या नावात शेती होती, पण वरिष्ठांचे चित्त सगळे महसुलात. शेतकरी कर्जात बुडाला आहे आणि जमिनीचा कस उतरत चालला आहे, हे ह्यूम तळमळीने मांडत राहिला. शेण गोवऱ्या थापून जाळले जाते आणि रानाला खत मिळत नाही, हे त्याचे मोठे दुःख. त्यावर उपाय म्हणून गावोगाव सरपणासाठी झाडे लावावीत, म्हणजे शेण शेताला मोकळे होईल, असे त्याने सुचवले. हे सगळे त्याने 1879 च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. आजही ते कोणत्याही ग्रामसभेत वाचून दाखवावे असे आहे.

पण स्पष्ट बोलणारा माणूस कचेरीत कोणाला आवडतो? लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, 1879 मध्ये त्याला सचिवपदावरून काढून अलाहाबादला खालच्या जागेवर धाडले. 1882 मध्ये त्याने नोकरीच सोडली.

रद्दीच्या भावात

आता सगळा वेळ पाखरांना द्यायचा, असा त्याचा बेत होता. सिमल्याच्या जाखू टेकडीवर त्याचे मोठे घर होते. तिथे हजारो पाखरांचा संग्रह आणि पंचवीस वर्षांची टिपणे होती. त्यातून हिंदुस्थानातल्या यच्चयावत पाखरांचा एक ग्रंथ तो लिहिणार होता. खिशातले पैसे तर त्याने या कामात पाण्यासारखे ओतले होते.

मग घात झाला. थंडीच्या दिवसांत तो बाहेरगावी गेला होता. परत येऊन पाहतो तो कपाटातले कागद गायब. घरातल्या एका नोकराने ते बाजारात नेऊन रद्दीच्या भावात विकले होते. ज्या टिपणांसाठी आयुष्य घातले, त्यांच्यात सिमल्याच्या बाजारात पुड्या बांधल्या गेल्या. त्यातच अतिपावसाने दरडी कोसळून संग्रहाचेही नुकसान झाले.

ह्यूमचे मन उडाले ते कायमचे. उरलेला संग्रह त्याने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. 1885 मध्ये तिथला तज्ज्ञ माणूस सिमल्याला आला. पाखरांची कातडी आणि अंडी मिळून सुमारे 82 हजार नमुने देवदाराच्या फळ्यांच्या 47 पेट्यांत भरले गेले. एकेक पेटी अर्ध्या टनाची. बैलगाड्यांनी त्या डोंगर उतरून काल्क्याला आल्या आणि तिथून मुंबई बंदरात गेल्या.

त्याच वर्षी डिसेंबरात ह्यूम मुंबईत होता, पण वेगळ्या कामासाठी. काँग्रेसचे पहिले अधिवेशन खरे तर पुण्याला भरायचे होते. तिथे पटकीची साथ आली म्हणून ते मुंबईला गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात भरले. देशभरातले 72 प्रतिनिधी आले होते. गावोगावच्या माणसांना पत्रे लिहून एकत्र आणण्याचे काम ह्यूमने केले. पाखरांसाठी वर्षानुवर्षे ज्याने हेच केले, त्याला ते जड गेले नसणार. 1894 मध्ये तो मायदेशी परतला आणि 31 जुलै 1912 रोजी वारला.

शहाद्याचा रानपिंगळा

आता सुरुवातीला सांगितलेल्या पिंगळ्याकडे वळू. कपाटातली टिपणे रद्दीत गेली, पण ‘स्ट्रे फेदर्स’चे अंक गेले नाहीत. ते छापून घरोघरी पोहोचले होते. त्यातल्याच 1873 च्या मजकुरात ह्यूमने एका नव्या पिंगळ्याचे वर्णन केले होते. ब्लेविट नावाच्या सहकाऱ्याने आजच्या छत्तीसगड-ओडिशाच्या बाजूला 1872 मध्ये तो मिळवला होता. आपण त्याला रानपिंगळा म्हणतो. पुढे डेव्हिडसनला हाच पक्षी आपल्या शहादा-तळोदा भागात मिळाला. 1884 नंतर मात्र तो कोणाला दिसला नाही. संपला असेच लोक धरून चालले.

यात एक बनाव झाला होता. माइनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने, आपल्याला हा पक्षी 1914 मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवीजवळ मिळाला, अशी चिठ्ठी एका कातड्याला लावून ठेवली होती. लोक त्या पत्त्यावर विसंबले आणि हात हलवत परत आले. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षीतज्ज्ञ बाईंनी संग्रहालयातली कातडी बारकाईने तपासली, तेव्हा बिंग फुटले. ते कातडे डेव्हिडसनचेच होते. म्युझियममधून चोरून, पुन्हा भरून, खोटी चिठ्ठी लावलेले. एका खोट्या नोंदीने कित्येक वर्षांचा शोध भलतीकडे नेला होता.

बाईंनी खोटी नोंद बाजूला सारली, जुन्या खऱ्या नोंदी धरल्या आणि सोबत्यांसह त्या जागा हिंडल्या. नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला रानपिंगळा त्यांच्यासमोर बसला होता, तोही दिवसाउजेडी. 113 वर्षांनी! तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा 1998 मध्ये झाला. त्यानंतर तोरणमाळ, यावल, मेळघाट अशा ठिकाणीही तो आढळला. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. याचे डोके जवळजवळ बिनठिपक्याचे, पोट पांढरे, पाय पिसांनी भरलेले. सागाच्या रानात राहतो, उंदीर आणि सरडे खातो. म्हणजे शेतकऱ्याचे नुकसान तर करत नाहीच, उलट कामच करतो. घुबडाच्या जातीचा म्हणून अपशकुनी मानून त्याला दगड मारू नये. त्याच्या ढोलीची झाडे तोडू नयेत.

आपल्या गावची वही

ह्यूमच्या हकिकतीतून आपण काय घ्यायचे? 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितले आहे. काही गावांनी ती मनापासून लिहिली. काही ठिकाणी नुसती मुदत गाठायला भरून कपाटात टाकली. तलाठी म्हणा की आताच्या भाषेत ग्राम महसूल अधिकारी, ग्रामसेवक म्हणा की ग्रामपंचायत अधिकारी, शाळेचे गुरुजी आणि रोज रानात जाणारा शेतकरी, या सगळ्यांनी मनावर घेतले तर ती वही जिवंत राहील. राखोळीला जाणाऱ्या पोराला जे दिसते, ते बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला एका दिवसात दिसणार नाही.

लिहिताना जागा, तारीख आणि पाहणाऱ्याचे नाव घालावे. खात्री नसेल तर खात्री नाही असेच लिहावे; अंदाज ठोकून देऊ नये. ज्या गुराख्याने दाखवले, त्याचेही नाव घालावे, म्हणजे साहेबांच्या काळातली चूक पुन्हा होणार नाही. आणि लिहिलेले एकाच कपाटात ठेवू नये. ग्रामसभेत वाचावे, शाळेला एक प्रत द्यावी, शेजारच्या गावाला कळवावे. फक्त दुर्मिळ पाखराच्या घरट्याची नेमकी जागा चारचौघांत सांगू नये, म्हणजे चोरट्यांना वाट सापडणार नाही.

कपाटात ठेवलेले रद्दीत गेले, वाटलेले टिकले. ह्यूमच्या आयुष्यातली ही गोष्ट ज्या गावाला कळली, त्या गावचा पिंगळा आणखी शंभर वर्षांनीही कोणाला तरी सापडेल.