दास्यातील निर्भयता

१६ जानेवारी हा संत जुझे वाज यांचा स्मृतिदिन. १७११ साली याच तारखेस सिंहलद्वीपातील कँडी नगरीत या गोमंतकीय धर्मगुरूने देह ठेवला. सासष्टी व मुरगावच्या ख्रिस्ती घरांतून त्यांचे नाव आदराने घेतले जाते. पेडणे-डिचोलीच्या बाजूस मात्र ते फारसे कानी पडत नाही. नव्या काबिजादीतील आमच्या वाचकांस या चरित्राशी आपला काय संबंध, असे वाटल्यास नवल नाही. तो संबंध आहे, असे आम्हांस वाटते. म्हणूनच आज हा विषय हाती घेतला आहे.

जुझे वाज यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावली येथे आजोळी झाला. घराणे सांकवाळचे. त्या गावचा लक्ष्मीनृसिंह त्याआधीच वेलिंगला गेला होता. तो का गेला, हे गोमंतकातील हिंदूंस सांगावयास नको, आणि ती जखम झाकून ठेवावी असेही आम्ही म्हणत नाही. परंतु ज्यांनी नवा धर्म पत्करला त्यांना तरी बरोबरीचे स्थान कोठे मिळाले? युरोपीय धर्मसंघांची दारे एतद्देशीय धर्मगुरूंना बंदच होती. दिवाडीचे मातेउश द कास्त्रु यांना याचा अनुभव पुरेपूर आला. ते रोमला गेले, तेथे दीक्षा घेऊन पुढे बिशपपदी चढले. परंतु गोव्यातील सत्तेने त्यांना मानले नाही. अखेर त्यांनी ठाणे मांडले ते आदिलशाही मुलखातील आपल्या डिचोलीत. त्याच दिवाडीहून निघालेला सप्तकोटेश्वर नदीपलीकडे नार्व्यात स्थिरावला होता, आणि १६६८ साली शिवछत्रपतींनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. एकाच बेटावरून देव आणि बिशप दोघांनाही डिचोलीच्या भूमीत आसरा शोधावा लागला, हा इतिहास विचार करावयास लावणारा आहे.

कास्त्रु यांची तक्रार न्याय्य होती. पण त्यांचे आयुष्य अधिकाराच्या कलहात खर्ची पडले. जुझे वाज यांनी निराळा मार्ग धरला. १६७६ साली दीक्षा मिळताच त्यांनी पादत्राणे सोडली व ते गोरगरिबांप्रमाणे अनवाणी फिरू लागले. पुढच्याच वर्षी ५ ऑगस्ट रोजी सांकवाळच्या चर्चमध्ये त्यांनी एक लेख लिहून ठेवला आणि मारियेचा आजन्म दास म्हणून स्वतःस वाहून घेतले. आमच्या संतपरंपरेत वाढलेल्यास हा भाव परका वाटणार नाही. ज्या महाराष्ट्राने रामाचा दास होणाऱ्यास समर्थ ही पदवी दिली, त्यास दास्य आणि सामर्थ्य यांचे नाते उमजते. बांद्याचे कुलकर्णीपण सोडून नाथपंथाच्या वाटेला लागलेल्या सोहिरोबांचे नाव पेडणे तालुक्यातील विर्नोड्याच्या महाविद्यालयास दिले आहे, तेही याच जाणिवेतून.

हे दास्य पुढे कसोटीस लागले. सिंहलद्वीपात १६५८ नंतर डचांचा अंमल होता आणि कॅथलिक धर्मगुरूंना तेथे पूर्ण मज्जाव होता. ख्रिस्त्यांनीच ख्रिस्त्यांचा छळ मांडला होता. जुन्या गोव्यात एतद्देशीय धर्मगुरूंनी आपला स्वतंत्र ओरेटरी संघ उभा केला होता. त्याचे प्रमुखपद चालून आले असताना ते सोडून वाज १६८६ साली निघाले आणि पुढील वर्षी भिकाऱ्याच्या वेषात, आजाराने जर्जर अवस्थेत जाफन्यास उतरले. पाठीशी ना राजसत्ता होती, ना सैन्य, ना द्रव्य. रात्री लपतछपत ते श्रद्धावंतांच्या घरी जात. १६९२ साली कँडीस पोहोचताच पोर्तुगीजांचा हेर या आरोपावरून त्यांना कैदेत टाकण्यात आले. कैदेत त्यांनी सिंहली भाषा शिकून घेतली. त्यांच्या प्रार्थनेने अवर्षणात पाऊस पडला, असे चरित्रकार सांगतात. ते ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे मानावे. आम्हांस अधिक मोलाचे वाटते ते पुढचे. १६९७ साली कँडीत देवीची साथ आली. राजधानी सोडून लोक पळाले, घरच्यांनी घरच्यांना टाकले. वाज मागे राहिले. रोग्यांच्या जखमा धुणे, अन्नपाणी देणे, बेवारस प्रेतांना मूठमाती देणे ही कामे त्यांनी धर्म न विचारता केली. कँडीच्या बौद्ध राजाने हे पाहून त्यांना आपल्या राज्यात मोकळीक दिली.

बिशपपद देऊ केले गेले, तेही त्यांनी नाकारले. चोवीस वर्षांच्या त्या सेवेनंतर ते गोव्यास परतले नाहीत, आणि कँडीत त्यांची समाधी नेमकी कोठे होती हेही आज सांगता येत नाही. सांकवाळच्या त्या चर्चची केवळ दर्शनी भिंत उरली आहे. १९९५ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्य घोषित केले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत संतपद जाहीर केले. नाव पुसून टाकू पाहणाऱ्याचे नाव जगाने तीनशे वर्षांनी उच्चारले.

नम्रता म्हणजे लाचारी नव्हे, हा या चरित्राचा बोध होय. लाचार माणूस बलवानापुढे वाकतो आणि दुबळ्यापुढे ताठ होतो. वाज यांनी डचांची बंदी मानली नाही, कैदेला भ्याले नाहीत. ते वाकले ते कँडीच्या ओस रस्त्यात पडलेल्या रोग्यापुढे. ज्याने स्वतःस ईश्वराच्या स्वाधीन केले, त्यास माणसांचे भय उरत नाही आणि माणसांवर सत्ता गाजविण्याची हावही उरत नाही. तलवारीच्या आधाराने आलेल्या धर्माने आमची देवळे पाडली. त्याच धर्माचा हा अनवाणी सेवक मात्र परमुलखात कोणाचे काही न हिरावता राहिला. या दोहोंतील भेद ओळखणे हा इतिहासाशी प्रामाणिकपणा आहे. देवाचे नाव घेऊन मान, पद आणि गर्दी जमविण्याचा मोह आज सर्वच धर्मांच्या व्यासपीठांवर दिसतो. अशा वेळी या दासाचे स्मरण केवळ सासष्टीने नव्हे, तर पेडण्याने व डिचोलीनेही करावे, असे आम्ही आवर्जून सुचवितो.