प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर : बीजांच्या प्रवासाचा अभ्यासक

आघारकर हे नाव कानी पडताच आपल्यापैकी बहुतेकांना प्रथम आठवण होते ती समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकरांची. पुण्यात आगरकरांच्या नावाच्या रस्त्यावरच आघारकरांच्या नावाची संशोधन संस्था उभी असल्याने हा घोटाळा अधिकच पक्का होतो. परंतु हे आघारकर निराळे. ते वनस्पतिशास्त्रज्ञ होते आणि आयुष्याचा ऐन कर्तृत्वाचा काळ त्यांनी आपल्या सर्वांसारखाच महाराष्ट्राबाहेर घालविला. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात त्यांचे स्मरण करावे असे आम्हांस वाटले, ते यामुळेच.

शंकर पुरुषोत्तमांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवण येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले आणि पुढे जीवशास्त्राचे अध्यापनही केले. सुटीत सह्याद्री पायाखाली घालावा, दिसेल ते वेचावे, निरखावे, हा त्यांचा परिपाठ. अशाच भटकंतीत सातारा भागातील नद्यांच्या पाण्यात त्यांना एक चिमुकला, पारदर्शक जीव आढळला. तो गोड्या पाण्यातील जेलीफिश होता. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे प्रमुख नेल्सन अॅनंडेल यांनी १९११ मध्ये त्याला ‘लिम्नोक्निडा इंडिका’ असे नाव दिले. या जीवाचे भाईबंद तोवर आफ्रिकेतीलच म्हणून ठाऊक होते. मग हे कुळ सह्याद्रीच्या नदीत आले कोठून? सजीवांचे मूळ ठिकाण कोणते आणि ते इतक्या दूर पोहोचतात कसे, या प्रश्नाने पुढे आघारकरांची पाठ सोडली नाही.

त्या काळी कलकत्ता विद्यापीठात सर आशुतोष मुखर्जी विज्ञानाच्या उच्च शिक्षणाची उभारणी करीत होते. रासबिहारी घोष यांनी १९१३ मध्ये दिलेल्या दहा लाख रुपयांच्या देणगीतून जी अध्यासने निर्माण झाली, त्यांपैकी वनस्पतिशास्त्राच्या अध्यासनासाठी या कोकणी तरुणाची निवड झाली. १९१४ मध्ये अधिक अध्ययनासाठी ते जर्मनीस गेले. त्यांचे सहकारी, भौतिकशास्त्रज्ञ देवेंद्रमोहन बोस हेही तेथेच गेले होते. तोच ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले. ब्रिटिशांचे प्रजाजन म्हणून आघारकर शत्रुपक्षाचे ठरले आणि त्यांच्या नशिबी स्थानबद्धता आली. वय अवघे एकोणतीस. कलकत्त्यातील पद वाट पाहत होते, आणि सुटका केव्हा होईल हे सांगणारे कोणी नव्हते.

अशा वेळी एखादा खचून गेला असता. आघारकरांनी मात्र संधी मिळताच बर्लिनमध्ये विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ अॅडॉल्फ एंग्लर यांच्या मार्गदर्शनाखाली काम सुरू केले आणि १९१९ मध्ये डॉक्टरेट मिळविली. विषय होता भारताच्या वायव्य भागातील रुक्ष व खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या वनस्पती, त्यांच्या प्रसाराची साधने आणि त्यांचे मूळ. घरापासून हजारो मैलांवर अडकलेला हा माणूस मायदेशाच्या झाडाझुडपांचा प्रवास मांडीत बसला होता.

हा विषय पुस्तकी नाही. वनस्पतीला पाय नाहीत. तिने एकदा मूळ धरले की जागा सोडता येत नाही. प्रवास करते ते तिचे बी, आणि त्या प्रवासाची तयारी फळाच्या व बीच्या रचनेतच असते. रुईचे फळ उकलले की रेशमी तंतूंचा झुबका लावलेले बी वाऱ्यावर निघते. लहानपणी आपण ज्या ‘म्हातारी’मागे धावलो तीच ही. गोखरूचे काटेरी फळ पायांत व खुरांत रुतून चालू लागते. पिलूची रसाळ फळे पक्षी खातात आणि बी दूर टाकून देतात. खाऱ्या किनाऱ्यावरच्या काही वनस्पतींची बीजे पाण्यावर तरंगत जातात. परंतु पोहोचणे पुरेसे नसते. रुक्ष प्रदेशात रुजायचे तर खोल मूळ, बारीक किंवा मेणचट पान, पाणी जपणारे अंग हवे. वायव्य भारतातील कित्येक वनस्पतींचे सगेसोयरे अरबस्तानात व आफ्रिकेत आढळतात. बी जाते कसे आणि टिकते कसे, हे दोन्ही पाहिल्यावाचून या नात्याचा उलगडा होत नाही.

मायदेशी परतल्यावर आघारकरांनी १९४६ पर्यंत, म्हणजे पाव शतकाहून अधिक काळ, कलकत्त्यास अध्यापन व संशोधन केले. बंगालच्या भूमीला त्यांनी परके मानले नाही. तिचे दुखणे आपले मानले. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलपर्णीने तेथील तळी, कालवे आणि भातखाचरे गिळण्यास आरंभ केला होता; नावा अडत होत्या, शेतकरी हवालदिल झाला होता. जलपर्णी फुटव्यांनी पसरते हे उघड दिसे. परंतु ती बीही धरते काय? धरीत असेल तर वरची वेल ओढून काढल्याने काम भागणार नव्हते. चिखलात दडलेले बी पुन्हा उगवणार. आघारकरांनी बॅनर्जी यांच्यासह जलपर्णीचे परागकण व बीजधारणा यांविषयीचा अभ्यास १९३० मध्ये प्रसिद्ध केला. फुलाच्या पोटातील सूक्ष्म व्यवहाराचा शेतकऱ्याच्या ताटाशी किती निकट संबंध असतो, हे येथे दिसते. याच कलकत्त्याच्या काळात इंडियन सायन्स काँग्रेसचे सरचिटणीसपदही त्यांनी सांभाळले.

निवृत्तीच्या वयात माणूस विसावा शोधतो. आघारकरांनी साठी ओलांडल्यावर नवे रोप लावले. १९४६ मध्ये पुण्यात ‘महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी’ स्थापन झाली आणि २ सप्टेंबर १९६० रोजी देहावसान होईपर्यंत तिचे संचालकपद त्यांनी वाहिले. इंग्रजीत तिला दिलेले नाव कलकत्त्यातील महेंद्रलाल सरकारांच्या १८७६ सालच्या विज्ञानसंस्थेच्या नावाशी मिळतेजुळते आहे, हे सहज लक्षात येते. १९९२ मध्ये या संशोधन संस्थेस आघारकरांचे नाव देण्यात आले. गहू, सोयाबीन व द्राक्षे यांचे तिने विकसित केलेले वाण आज शेतांत उभे आहेत.

मालवणात जन्मलेल्या या माणसाने बर्लिनच्या बंदिवासातही अभ्यास फुलविला, कलकत्त्यात मूळ धरले आणि तेथील अनुभवाची शिदोरी पुण्यास आणली. गाव सुटल्याची हळहळ आम्हा सर्वांनाच आहे. सणावारी ती अधिक जाणवते. परंतु ज्या मातीत आपण पडलो तिला आपण काय दिले, हा प्रश्नही मंडळाच्या पन्नासाव्या वर्षी स्वतःस विचारावयास हवा. आघारकरांच्या चरित्रात त्याचे एक उत्तर आम्हांस सापडले. ते वाचकांपुढे ठेवून आम्ही रजा घेतो.