यहुदा मक्काबी

जेरुसलेम येथील यहुदी लोकांच्या मंदिरात मूर्ती नव्हती. परमेश्वर एकच आहे, त्याच्याखेरीज अन्य कोणाची उपासना करू नये आणि उपासनेसाठी कोणतीही प्रतिमा घडवू नये, हे मोशेच्या दहा आज्ञांपैकी आरंभीचे दंडक होत. त्यांच्या रक्षणासाठी ज्याने शस्त्र हाती घेतले, तो वीर म्हणजे यहुदा मक्काबी.

इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात यहुदी प्रदेशावर सीरियाच्या ग्रीक राजघराण्याची सत्ता होती. राजा चौथा अंतियोखस याने इ. स. पूर्व १६७ मध्ये यहुदी धर्माचरणास बंदी घातली. शब्बाथ म्हणजे शनिवारचा विश्रामदिन पाळणे, धर्मग्रंथ बाळगणे हे देहदंडाचे अपराध ठरले. जेरुसलेमच्या मंदिरात झ्यूस या ग्रीक देवाची उपासना सुरू करण्यात आली.

यहुदाचे वृद्ध पिता मत्तथिया हे मोदीन गावी राहणारे याजक होते. राजाच्या अधिकाऱ्याने त्यांना ग्रीक वेदीवर बळी अर्पण करण्यास सांगितले. सोने, रुपे आणि राजाची मैत्रीही देऊ केली. मत्तथियांनी ते नाकारले. एवढ्यात दुसरा एक यहुदी बळी अर्पण करण्यास पुढे आला. संतप्त मत्तथियांनी त्याला व त्या अधिकाऱ्याला ठार केले, वेदी मोडली आणि पाच पुत्रांसह डोंगरांचा आश्रय घेतला.

पुढच्याच वर्षी मत्तथिया निवर्तले. नेतृत्व तिसरा पुत्र यहुदा याच्याकडे आले. त्याचे सैन्य थोडे, शस्त्रे अपुरी. परंतु डोंगरवाटांची त्याला खडान्‌खडा माहिती होती. अचानक छापे घालून त्याने बलाढ्य सेनांना हरविले. इ. स. पूर्व १६४ मध्ये त्याने जेरुसलेमचे मंदिर परत मिळविले. भ्रष्ट झालेली वेदी उतरवून तिचे दगड बाजूस ठेवण्यात आले व न घडविलेल्या दगडांची नवी वेदी रचण्यात आली. हा सोहळा आठ दिवस चालला. त्याचीच आठवण म्हणून यहुदी लोक हनुक्का हा सण साजरा करतात.

यहुदाची कठीण कसोटी मात्र पुढेच होती. मक्काबी ग्रंथात एक प्रसंग आला आहे. एका लढाईनंतर मृत सैनिकांना पुरताना त्यांच्या वस्त्रांखाली परक्या दैवतांचे ताईत सापडले. ज्या निष्ठेसाठी युद्ध पुकारले, तीच निष्ठा आपल्या माणसांनी भयापोटी सोडली होती! यहुदाने त्यांचा धिक्कार केला नाही. त्याने सर्वांसह त्यांच्यासाठी क्षमेची प्रार्थना केली आणि वर्गणी गोळा करून त्यांच्या पापक्षालनासाठी जेरुसलेमला पाठविली.

इ. स. पूर्व १६० मध्ये यहुदा रणांगणावर पडला. भावांनी त्याला मोदीन येथे पूर्वजांच्या थडग्यात पुरले.

या काळाचा एक धागा कोकणाशी जुळतो. तेथील बेने इस्राएल समाजाच्या परंपरेनुसार, अंतियोखसाच्या छळामुळे देश सोडलेले त्यांचे पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळच्या नौगावला किनाऱ्यास लागले. तेलाचे घाणे चालविणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवीत. म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. मंदिराच्या शुद्धीपूर्वीच ते निघाले असल्याने त्यांच्या जुन्या सणांत हनुक्का नव्हता, असे सांगतात. परंतु देव एकच आहे अशी ग्वाही देणारी ‘शेमा’ ही प्रार्थना ते शतकानुशतके विसरले नाहीत.